जुन्या नावेची पाठ

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "ॲल्युमिनियमच्या होडीचे आणि तुमचे नाते काय?" प्रश्न रास्त होता. आमचा जन्म घाटावरचा. पाण्याशी आमचा संबंध म्हणाल तर आड, ओढा आणि पावसाळ्यात पुलावर उभे राहून पाहिलेला नदीचा पूर, एवढाच. शिवाय ज्या होडीविषयी आम्ही बोलणार आहोत ती आपल्या कोकणातलीही नव्हे. ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या एका तळ्यावरची आहे. तरीही हा विषय आम्ही निवडला, कारण त्या होडीच्या दुरुस्तीत हात घालताना एक गोष्ट आम्हांला नीट उमगली. दोन चांगल्या वस्तू शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यामध्ये पाणी अडकून राहिले, म्हणजे त्या एकमेकींचे काय करतात, ही ती गोष्ट. ती समजण्यासाठी नाविक असण्याची गरज नाही.

२०१७ च्या एप्रिलात आम्ही उभयता मुलीकडे काही महिने राहावयास गेलो होतो. मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर सीमेवरचे, कॅनडाला लागून असलेले राज्य. 'दहा हजार तळ्यांची भूमी' असे ते स्वतःला म्हणवून घेते, आणि यात बढाई नसून उलट थोडा विनयच आहे. दहा एकरांची किंवा त्याहून मोठी अशी ११,८४२ तळी तेथे मोजलेली आहेत. हिवाळ्यात ही तळी इतकी गोठतात की त्यांवरून मोटारी जातात. वसंतात बर्फ फुटते, आणि मेच्या मध्यास 'वॉलआय' या माशाच्या गळमासेमारीचा हंगाम सुरू होतो. तेथील लोकांना तो पहिला दिवस सणासारखा वाटतो.

मुलीच्या शेजारी पंचाहत्तरीच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांच्या गॅरेजात चौदा फुटांची एक जुनी होडी होती. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या वडिलांनी घेतलेली. त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी आठ वर्षांच्या नातीला प्रथमच पाण्यावर न्यावयाचे, असे त्यांनी कबूल केले होते. आम्ही सहज विचारले, "इतकी जुनी होडी अजून ठीक आहे का?" ते हसून म्हणाले, "धातूची आहे. हिला काय होणार?" असे म्हणत त्यांनी पाठीमागे लावलेल्या इंजिनाला धरून जरासा हिसका दिला. इंजिन हलले, आणि इंजिनाबरोबर होडीची सारी पाठच मागेपुढे हलली. आमच्यासारख्या अडाण्यालाही ते दिसले. गृहस्थांचे हसू मावळले.

तेथे मेमध्ये तळ्याचे पाणी बर्फ वितळून काही आठवडेच झालेले असते. अशा पाण्यात माणूस एकाएकी पडला तर पहिल्या मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो, आणि थोड्याच वेळात हातपाय चालेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही तेथे बुडतो. तळ्याच्या मध्यावर इंजिनासकट होडीची पाठ फाटली तर पाणी मागून आत येणार. तेव्हा प्रश्न जुन्या वस्तूच्या हौसेचा नव्हता. होडी बरी करावयाची, नाही तर नातीला दिलेला शब्द मोडावयाचा, असा तो प्रश्न होता.

आता ही होडी धातूची कशी झाली, ते थोडक्यात पाहू. ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात विपुल आहे, पण ऑक्सिजनच्या मिठीतून ते सोडवणे फार कठीण. १८८४ साली वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या शिखरावर या धातूचे शंभर औंसांचे टोक बसवले, तेव्हा तो चांदीच्या बरोबरीने मोलाचा समजला जाई. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघा तरुणांनी, एकमेकांस ठाऊक नसता, विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली. मग तो उतरत उतरत इतका स्वस्त झाला की 'जर्मन'ची पातेली म्हणून आपल्या स्वयंपाकघरांत येऊन बसला. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी त्याचे प्रचंड उत्पादन झाले, आणि युद्ध संपताच पत्रे कापणाऱ्या नि रिव्हेट ठोकणाऱ्या कारखान्यांना नवे काम हवे झाले. लढाऊ विमाने बांधणारी ग्रुमन कंपनी १९४५ च्या सुमारास ॲल्युमिनियमच्या निमुळत्या होड्या करू लागली. मिनेसोटातही त्याच दशकाच्या उत्तरार्धात मासेमारीच्या होड्यांचे कारखाने निघाले. अशा होडीचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड असतो, आणि त्याचे सांधे विमानाच्या पंखाप्रमाणे रिव्हेटांनी जोडलेले असतात. चौदा फुटांची होडी दोन माणसे सहज उचलतात.

दुसरी वस्तू म्हणजे इंजिन. होडीच्या पाठीला बाहेरून अडकवावयाचे इंजिन, ज्याला 'आउटबोर्ड' म्हणतात, ते १९०९ मध्ये मिलवॉकी येथे ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने बाजारात आणले. असे सांगतात की वाग्दत्त वधूसाठी तो तळ्यापलीकडून वल्ही मारीत आइसक्रीम आणीत होता, आणि ते वाटेत वितळून गेले, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. कथा खरी असो वा सजवलेली असो, पुढे लक्षावधी होड्यांना अशी इंजिने लागली, एवढे खरे. त्यांच्यासाठी होडीची पिछाडी निमुळती न ठेवता सपाट, उभ्या भिंतीसारखी करू लागले. या भिंतीला 'ट्रान्सम' म्हणतात. इंजिनाचा पकडशिकंजा तिच्या वरच्या काठावर बसतो, आणि दोन मोठे स्क्रू फिरवून तो आवळतात.

दीड मिलिमीटरचा पत्रा असा आवळला तर चिंबून जाईल. म्हणून ट्रान्सम पोकळ पाकिटासारखी करून आत दीड इंच जाडीचे प्लायवुड घालतात. म्हणजे बाहेरून दिसणारी होडी धातूची, पण इंजिनाचा सारा भार सोसणारे अंतरंग लाकडाचे. "धातूची आहे, हिला काय होणार" या वाक्यातली चूक येथे आहे.

हा भार किती असतो, याचा अंदाज करून पाहू. इंजिनाचे वजन हा त्यातला लहान भाग. खरा भार पंख्याच्या रेट्याचा. पंखा पाण्याखाली खोल असतो, आणि तो इंजिनाचे बूड पुढे ढकलतो. इंजिन मधोमध ट्रान्समला टेकलेले असल्यामुळे त्याची पहार होते. बूड पुढे जाऊ पाहते आणि डोके मागे. समजा, रेटा पन्नास किलोंचा आहे, पंखा टेकण्याच्या जागेपासून तीस सेंटिमीटर खाली आहे, आणि पकड तिच्यापासून वीस सेंटिमीटर वर आहे. तर पकड ट्रान्समचा वरचा काठ पंचाहत्तर किलोंच्या जोराने मागे ओढील, आणि टेकण्याच्या जागी सव्वाशे किलोंचा दाब पुढे पडेल. दगड उकरताना आपण पहारीला जे काम सांगतो, तेच काम येथे इंजिन होडीच्या पाठीवर करीत असते, आणि लाटेगणिक, वेग बदलेल त्याप्रमाणे, हा जोर कमीजास्त होत राहतो. निरोगी प्लायवुड हे पुष्कळ वर्षे सोसते; कुजलेले सोसत नाही.

मग ते कुजले कसे? लाकूड पाण्यामुळे कुजते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. लाकूड खाते ती बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: लाकूड, हवा, ऊब आणि ओल. लाकडातील ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी वाढत नाही. तीस टक्क्यांच्या वर गेली की ती सुखाने नांदते. पूर्णपणे पाण्याखाली बुडालेले लाकूड हवेअभावी शतकानुशतके टिकते, आणि कोरडे लाकूडही टिकते. मरण आहे ते मधल्या स्थितीत, ओलसर राहून हवा लागणाऱ्या लाकडाचे. ट्रान्समच्या पाकिटात नेमकी हीच स्थिती असते. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून, वरच्या काठावरच्या फटींतून थेंब थेंब पाणी आत जाते, आणि दोन्ही बाजूंना पत्रा असल्यामुळे वाळावयास वाट राहत नाही. शिवाय त्या देशात हिवाळा आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. प्लायवुडच्या थरांत शिरलेले पाणी दर हिवाळ्यात ते थर थोडे थोडे उकलते, आणि पुढच्या वसंतात त्या फटींत अधिक पाणी मावते. बुरशीला ऊब उन्हाळ्यात मिळते. अशी पन्नास वर्षे!

आम्ही गृहस्थांना मदत करावयाचे ठरवले. मदत म्हणजे वस्तू हातात देणे आणि धरून ठेवणे, याहून अधिक आमच्याकडून होण्यासारखे नव्हते. त्यांनी प्रथम इंजिन उतरवले, होडी लाकडी ठोकळ्यांवर सारखी टेकवली, आणि काही उघडण्यापूर्वी तिच्या दोन्ही कडांच्या दरम्यान एक आडवी पट्टी घट्ट बांधली. ट्रान्समचे लाकूड निघाले की पातळ पत्रा फाकतो, आणि मग नवे लाकूड बसत नाही. ही पट्टी त्यासाठी. कोपऱ्यांतील आधाराच्या तुकड्यांवर त्यांनी खुणा केल्या, सगळ्याची छायाचित्रे घेतली. मग रिव्हेटांची डोकी ड्रिलने पोखरून, उरलेला दांडा खिळठोक्याने मागे काढला. ड्रिलचे पाते रिव्हेटच्या दांड्याहून किंचित बारीक घ्यावे लागते, म्हणजे पत्र्याचे भोक मोठे होत नाही.

लाकूड एकसंध निघेल ही आशा व्यर्थ ठरली. वरचा काही भाग फळीसारखा निघाला. खालचा भाग चहाच्या ओल्या चोथ्यासारखा हातात आला. मात्र मधोमध एक तुकडा अगदी ठणठणीत होता, रंगाने हिरवट. गृहस्थ म्हणाले, "हा मी घातला होता, बारा वर्षांपूर्वी. वरचे लाकूड थोडे कुजले होते, ते कापून औषध मुरवलेले लाकूड बसवले. पाहा, याला काही झालेले नाही." खरोखरच झालेले नव्हते. पण त्यांनी तो तुकडा काढला, आणि त्यामागच्या पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली. ती खरवडली तेव्हा खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे होते, आणि दोन ठिकाणी गॅरेजातला दिवा आरपार दिसत होता. चुरा झालेल्या लाकडामागचा पत्रा मलिन होता, पण शाबूत होता. ठणठणीत लाकडाने मात्र पत्रा खाल्ला होता.

हे कसे झाले, ते समजण्यासाठी अडीचशे वर्षे मागे जावे लागेल. १७६१ साली इंग्रजांच्या आरमाराने 'अलार्म' या लाकडी जहाजाच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारला. हेतू असा की समुद्रातील किडे लाकूड पोखरू नयेत. वेस्ट इंडीजची सफर करून जहाज परत आले तेव्हा तांबे उत्तम होते, किडे लागले नव्हते. पण पत्रा ज्या लोखंडी खिळ्यांनी मारला होता ते खिळे पुष्कळ ठिकाणी गळून गेले होते. काही खिळे मात्र शाबूत होते. पाहता असे आढळले की तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांखाली चुकून राहून गेला होता. एका कागदाच्या अंतराने लोखंड वाचले होते.

दोन भिन्न धातू एकमेकांस टेकले आणि दोहोंना एकाच ओलीने जोडले, की तेथे विजेचा घट तयार होतो. १८०० साली व्होल्टाने याच तत्त्वावर पहिली बॅटरी केली. आपल्या टॉर्चमधील साधा घट पाहा. त्याचे बाहेरचे कवच जस्ताचे असते, वीज देता देता ते जस्तच झिजते, आणि जुना घट टॉर्चमध्ये विसरला तर फुटून ओघळतो. धातूंच्या जोडीत जो अधिक सक्रिय तो झिजतो, आणि दुसरा सुरक्षित राहतो. ॲल्युमिनियम सक्रियांच्या पंक्तीत बरेच वर बसते, तांबे बरेच खाली. तेव्हा या जोडीत मरणे ॲल्युमिनियमच्याच कपाळी.

कोणी विचारील, ॲल्युमिनियम इतके सक्रिय, तर स्वयंपाकघरातले पातेले टिकते कसे? त्याचे रहस्य त्याच्या कातडीत आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा एक थर जमतो. मिलिमीटरचे एक लाख भाग केले तर त्यातील एका भागाहूनही तो पातळ असतो, पण चिवट असतो, आणि ओरखडा पडला तर हवेतील ऑक्सिजन घेऊन लगेच भरून येतो. चिंच किंवा लोणचे अशा भांड्यात ठेवू नये असे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायका सांगत, कारण आंबटाने आणि मिठाने ही कातडी जाते. ट्रान्समच्या पाकिटातही तेच घडते. ओले लाकूड पत्र्याला चिकटून बसले की तेथे हवा पोचत नाही, कातडी भरून येत नाही, आणि धातू उघडा पडतो. अशा वेळी शेजारी तांबे असेल तर विचारावयासच नको.

आणि तांबे होते. त्या हिरवट लाकडातले औषध तांब्याचेच असते. या औषधाचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे द्रावण दाबाने लाकडात मुरवावयाची रीत १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोन्ती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधली. 'आस्कू' या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणे, घरांचे ओटे या लाकडाचे होऊ लागले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम या दोघांना लाकडात जखडून ठेवते. आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेत घरगुती वापरासाठी असे लाकूड करणे २००३ च्या अखेरीस थांबले. त्याच्या जागी जी द्रावणे आली त्यांत आर्सेनिक नाही, पण तांब्याचे प्रमाण जास्त आहे, आणि ते जखडून ठेवणारे क्रोमियमही नाही. म्हणून नवे लाकूड धातूला अधिकच जाचक झाले. जमिनीतल्या खांबाला जे अमृत, तेच ॲल्युमिनियमच्या शेजारी विष. गृहस्थांनी बारा वर्षांपूर्वी दुकानातले सर्वांत टिकाऊ लाकूड निवडले होते. त्यांचा हेतू निर्दोष होता. लाकूड किती टिकेल हे त्यांनी पाहिले, शेजाऱ्याचे काय होईल हे पाहिले नाही.

ते बराच वेळ हिरवा तुकडा हातात धरून बसले. शेवटी म्हणाले, "म्हणजे होडीची खरी खराबी मीच केली." आम्ही त्यांना 'अलार्म' जहाजाची हकीगत सांगितली. एका आरमाराने जी चूक केली ती एका माणसाने केली तर त्यात लाज कसली, असे म्हटल्यावर ते जरा सावरले.

आता दुरुस्ती. पत्रा आतून तारेच्या ब्रशने घासावयाचा, पण तो ब्रश स्टेनलेस पोलादाचा हवा. पितळी तारेचा ब्रश वापरला तर तांब्याचे कण पत्र्यात रुतून राहतात. भोके पडलेल्या जागी त्यांनी त्याच जातीच्या ॲल्युमिनियमचे ठिगळ रिव्हेटांनी लावले, आणि उथळ खड्डे इपॉक्सीने भरले. इपॉक्सी म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर दगडासारखे घट्ट होणारे कृत्रिम राळेचे मिश्रण.

लाकूड कोणते घ्यावे? 'मरीन' प्लायवुडविषयी एक गैरसमज आपल्याकडेही आहे, की ते कुजतच नाही. तसे नाही. त्याचा गुण असा की आतल्या थरांत पोकळ्या किंवा गाठींची भोके जवळजवळ नसतात, आणि थर जोडणारा सरस उकळत्या पाण्यातही सुटत नाही. ब्रिटिश मानक १०८८ प्रमाणे केलेले प्लायवुड या दृष्टीने प्रसिद्ध आहे. पण त्याचे लाकूड शेवटी लाकूडच. ओल राहिली तर तेही कुजेल. गृहस्थांनी पाऊण इंची दोन फळ्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवल्या, म्हणजे दीड इंच झाले. शिकंजे बेताने आवळले. फार आवळले तर सरस बाहेर निघून सांधा कोरडा राहतो. एप्रिलच्या थंडीत इपॉक्सी जमत नव्हते, म्हणून गॅरेजात दोन दिवस हीटर ठेवावा लागला. मग जुन्या फळीचा वरचा भाग आणि खालच्या भागासाठी कापलेला पुठ्ठा यांवरून आकार आखून फळी कापली, आणि बुडाच्या उतारानुसार तिची कड तासली.

पुढची पायरी आळशी माणूस टाळतो, आणि सारे आयुष्य त्या पायरीवर अवलंबून असते. प्लायवुडची कापलेली कड म्हणजे असंख्य बारीक नळ्यांची उघडी तोंडे. सपाट अंगाच्या मानाने कड कितीतरी पट पाणी पिते. म्हणून कडांना इपॉक्सीचा हात पुनःपुन्हा द्यावयाचा, लाकूड पिईनासे होईपर्यंत. सगळ्या अंगाला तीन हात. आणि बोल्टांची भोके आधी मुद्दाम मोठी पाडावयाची, ती घट्ट इपॉक्सीने भरून टाकावयाची, आणि जमल्यावर त्या भरावाच्या मधोमध योग्य मापाचे भोक पाडावयाचे. म्हणजे बोल्टाभोवती इपॉक्सीची बांगडी राहते, आणि भोकातून पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत पोचत नाही.

फळी बसवताना बोल्ट स्टेनलेसचे घेतले. तेही परके धातूच, पण बोल्ट लहान आणि पत्रा मोठा असल्यामुळे गोड्या पाण्यात झीज फार पसरून, सौम्य होते. उलट मोठा स्टेनलेस पत्रा आणि लहान ॲल्युमिनियमचा खिळा असता तर खिळा लवकरच गेला असता. शिवाय प्रत्येक बोल्टाखाली नायलॉनचा वायसर आणि लांबीसारखे जलरोधक घातले. 'अलार्म'वर कागदाने जे चुकून केले, ते येथे वायसरने जाणूनबुजून केले. बुडातील पाणी सोडावयाच्या भोकाला पूर्वी पितळी नळी होती, तीही काढून टाकली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट गृहस्थांनी शेवटी केली. फळीचे बूड पत्र्याला टेकू न देता त्यांनी पाव इंच अंतर ठेवले, आणि त्या जागेतून होडीच्या तळाकडे पाणी निथळेल अशी वाट ठेवली. वरचा काठ मात्र टोपणाने नीट झाकला. आम्ही म्हटले, "खालूनही बंद का करीत नाही?" ते म्हणाले, "एकदा मी सगळीकडून बंद केले होते. त्यामुळे आत गेलेले पाणी बाहेर आलेच नाही."

रिव्हेट ठोकण्याचे काम दोघांचे. एकाने बाहेरून डोक्यावर हातोडा चालवावयाचा, दुसऱ्याने आतून दांड्याच्या टोकाला जड लोखंडी ठोकळा दाबून धरावयाचा, म्हणजे टोक चेपून पसरते. ठोकळा धरण्याचे काम आमच्याकडे आले. हात दोन दिवस बधिर होते. नंतर होडी ठोकळ्यांवर असतानाच तिच्या आत चार इंच पाणी ओतले. तळ्यात सोडून गळती शोधू गेल्यास पाणी कोठून येते ते समजत नाही. आत पाणी भरले की बाहेर थेंब लटकतो आणि जागा आपोआप दिसते. तीन रिव्हेट पाझरत होते, ते पुन्हा ठोकले.

एक निर्णय मात्र गृहस्थांना जड गेला. होडीचे इंजिन त्यांनी नंतरच्या काळात घेतलेले, पंचवीस अश्वशक्तीचे होते. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यानुसार, नोव्हेंबर १९७२ पासून, वीस फुटांच्या आतील अशा होड्यांवर किती माणसे आणि किती शक्तीचे इंजिन चालेल याची पट्टी लावणे कारखान्यांना बंधनकारक झाले. ही होडी त्यापूर्वीची. तिच्यावर पट्टी नव्हती. त्यांनी जुने माहितीपत्रक शोधून काढले. त्यात दिलेली मर्यादा त्यांच्या इंजिनाहून बरीच खाली होती. नवी पाठ बसली म्हणून होडी नवी होत नाही. पाठीला ज्यांचा आधार आहे ते रिव्हेट, तो पत्रा, त्या फासळ्या जुन्याच राहतात. मोठे इंजिन त्यांनी विकले आणि जुने, लहान असे एक इंजिन आणले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी पहाटे आम्ही धक्क्यावर होतो. नातीने अंगात तरंगजाकीट घातले होते. इंजिन सुरू झाले तेव्हा गृहस्थ पुढे पाहत नव्हते; ते मागे वळून ट्रान्समच्या वरच्या काठावर तळहात ठेवून होते. थोड्या वेळाने त्यांनी हात काढला आणि होडी पुढे नेली. दुपारी ती परत आली तेव्हा मुलीने एक मासा दाखवला. तो नियमाने सोडून द्यावा लागेल इतका लहान होता, असे आजोबांनी सांगताच तिने तो स्वतःच पाण्यात सोडला. गृहस्थांनी होडीतले पाणी सोडावयाचे बूच काढले, नाळ थोडी उंच करून ठेवली, आणि पाणी मागे निथळेपर्यंत ते उभे राहिले.

आमच्याकडे तळी नाहीत, पण चार महिने पाऊस आहे. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट लोखंडी स्क्रूंनी बसवलेली असते. दाराच्या चौकटीचे बूड फरशीत पुरलेले असते. गच्चीवरच्या टाकीला पितळी आणि लोखंडी नळ एकमेकांत पिळलेले असतात. यांतील काही खराब झाले की आपण वस्तूला दोष देतो, किंवा ती बदलून आणखी भारी वस्तू आणतो. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे सांगणे. हिच्या शेजारी कोण बसले आहे? आणि यांच्यामध्ये पाणी गेले, तर ते बाहेर कोठून पडेल? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर वरून कितीही रंग दिला तरी उपयोग नाही. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. चांगले लाकूड टणक वाजते आणि कुजलेले भद्द वाजते. हे करावयास दोन मिनिटे लागतात. ते पावसाळ्यापूर्वी करावे.